आधी कागद, मग माणसं

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मंगळवारी पाच मीटिंगा झाल्या, संध्याकाळी "आज काय केलं" या रकान्यात लिहायला काही सुचेना, म्हणून तू "समन्वय" असं लिहिलंस. त्या एका शब्दापाशी मी थांबले. पुढे भरतीचं रामायण: चार उमेदवार पाहिले, तीन परीक्षकांची तीन मतं, आणि शेवटी "तो आपल्यात मिसळेल" एवढ्यावर निवड. मग तुझा प्रश्न, की या कामाला तूच नालायक आहेस की ते ऑफिसच बिघडलेलं आहे.

दोन्ही नाही. तू कामाची आहेस हे तुला ठाऊक आहे, त्यावर शाई घालवत नाही. तुझे सहकारीही मूर्ख नाहीत. तुमच्याकडे माणसं आधी जमतात आणि विषय मागाहून शोधला जातो, एवढीच भानगड आहे. मला एकच गोष्ट येते आणि ती मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळलीस तरी: आधी कागद, मग माणसं.

"जरा बसून बोलू या" असं कोणी म्हणालं, की बसायच्या आधी चार ओळी लिही. प्रश्न काय, पर्याय कोणते, माझं मत काय, निर्णय कोणाचा. "विषय: ग्राहकांच्या तक्रारी" हा प्रश्न नव्हे, तो फायलीवरचा मथळा झाला. प्रश्न असा लिहायचा: "तक्रारीला उत्तर द्यायची मुदत ७ दिवसांवरून ३ दिवसांवर आणायची का? आणली तर शनिवारी कोण बसणार?" बघ, दुसरं वाक्य उतरलं आणि खरी अडचण वर आली. मुदतीबद्दल कोणाचं दुमत नसतंच, शनिवारबद्दल असतं. तोंडी चर्चेत हा शनिवार पंचेचाळिसाव्या मिनिटाला निघतो, तोवर लोकांनी लॅपटॉप मिटायला घेतलेले असतात. मग पुन्हा एक मीटिंग.

चौथी ओळ सगळ्यात जास्त गाळली जाते. निर्णय कोणाचा हे लिहिलेलं नसलं, की अर्धे लोक समजतात निर्णय आपला आहे आणि उरलेले समजतात दुसऱ्या कोणाचा तरी. ज्याचा निर्णय आहे तोच येणार नसेल, तर सरळ तारीख बदल. त्याच्यामागे केलेली चर्चा त्याच्यासमोर पहिल्यापासून करावी लागते आणि दुसऱ्या खेपेला कोणाच्या अंगात जोर उरत नाही.

आणि बोलवायचं किती जणांना? पाच जणांत बोलणाऱ्यांच्या जोड्या होतात १०, आठ जणांत २८, बारा जणांत ६६. आठ जणांची तासाभराची साप्ताहिक मीटिंग वर्षात ५० वेळा झाली, तर माणसांचे ४०० तास गेले. दिवसाला आठ तास धरले तर एका माणसाचे पूर्ण ५० दिवस. हा हिशेब कोणाच्या तोंडावर फेकू नकोस, पण तुझ्यापुरता करून ठेव. ज्याला नुसतं कळायला हवं त्याला टिपण पाठव. खुर्ची त्याला, ज्याच्या बोलण्याने निर्णय बदलू शकतो.

कल्पना गोळा करायची बैठक असेल, तर पहिली सात मिनिटं कोणी बोलायचं नाही, सगळ्यांनी लिहायचं. हा माझा लहरीपणा नव्हे. १९५८ साली येल विद्यापीठात टेलर, बेरी आणि ब्लॉक यांनी एकत्र बसून बोलणारे चौघे आणि एकेकटे बसलेले चौघे यांची तुलना केली. एकेकट्यांच्या कल्पना एकत्र करून मोजल्या तेव्हा त्याच बऱ्याच जास्त निघाल्या. १९८७ साली डील आणि स्ट्रोबे यांनी त्याचं मोठं कारण दाखवून दिलं: एका वेळी एकच जण बोलू शकतो, बाकीचे आपली पाळी येईपर्यंत सुचलेलं धरून बसतात किंवा विसरतात. तू लिहिलंयस ना, "मला तेच म्हणायचं होतं, पण राहून गेलं"? ते हेच. लिहून झालं की वाचायला सगळ्यात कनिष्ठाने सुरुवात करायची, साहेबांनी शेवटी. साहेब पहिले बोलले की पुढचे सगळे "सरांच्या मुद्द्याला जोडून" एवढंच बोलतात.

क्षुल्लक विषयावर तास जातो अशी तुझी तक्रार आहे. ती फार जुनी. पार्किन्सन या ब्रिटिश लेखकाने १९५७ साली एक काल्पनिक समिती रंगवली होती: १ कोटी पौंडांची अणुभट्टी अडीच मिनिटांत मंजूर, आणि ३५० पौंडांच्या सायकल-शेडवर पाऊण तास काथ्याकूट. अणुभट्टी कोणाला कळत नाही, शेड सगळ्यांना कळते. त्यावर हसून सोडून देऊ नकोस, उपाय कर. प्रत्येक विषयासमोर मिनिटं लिही, अवघड विषय पहिला घे, आणि शेडसारख्या गोष्टी मीटिंगमध्ये आणूच नकोस. एका माणसाचं नाव आणि खर्चाची मर्यादा ठरवून टाकली की रंग त्याने निवडावा.

शेवटची पाच मिनिटं मात्र कोणालाही देऊ नकोस. ती लिहायची, आणि सगळ्यांना दिसेल अशी स्क्रीनवर लिहायची. ठरलं काय, करणार कोण, कधीपर्यंत. "टीम करेल" म्हणजे कोणीच करणार नाही. नाव एकच हवं. "लवकरच" ही तारीख नाही. "पाहणे", "लक्ष घालणे", "फॉलो-अप घेणे" ही क्रियापदं मिनिट्समधून, म्हणजे मीटिंगच्या नोंदींतून, हद्दपार कर, कारण ती पूर्ण झाली की नाही हे तपासताच येत नाही. "तीन पुरवठादारांची दरपत्रकं मागवून तक्ता सगळ्यांना पाठवणे, १४ तारीख, दुपारी ४" हे तपासता येतं. आणखी एक ओळ, जी जवळपास कोणी लिहीत नाही: काय नाकारलं आणि का. ती नसली की नाकारलेला प्रस्ताव तीन आठवड्यांनी नवं नाव घेऊन परत येतो, आणि त्याला विरोध करणारा त्या दिवशी रजेवर असतो.

(चॅटवर नुसतं "हाय, आहेस का?" लिहून गप्प बसणाऱ्यांबद्दल मी काही लिहीत नाही. माझा रक्तदाब वाढतो. तू पूर्ण प्रश्न एकाच संदेशात लिहीत जा, झालं.)

आता भरती, कारण तिथे नुकसान खरं होतं. मीटिंगमध्ये तास जातो, भरतीत कोणाचं तरी वर्ष जातं.

"काम तुंबलंय, माणूस घ्या" इथून सुरुवात होते. फ्रेड्रिक ब्रूक्स यांनी आयबीएमच्या ओएस/३६० या संगणक-प्रणालीच्या प्रकल्पाचा अनुभव घेऊन १९७५ साली लिहून ठेवलंय, की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसं वाढवली की तो आणखी लांबतो. नव्याला शिकवायला जुना माणूस हातातलं काम सोडतो, आणि वर सांगितलेल्या जोड्या वाढतात त्या वेगळ्याच. तेव्हा जाहिरातीआधी अर्ध्या पानावर लिही: हा माणूस पहिल्या तीन महिन्यांत कोणती कामं हातावेगळी करेल, आणि आठवड्याचे किती तास कशावर जातील. तास भरत नसतील तर माणूस नकोय, कामाची वाटणी बदलायला हवी. अर्ध पान लिहिता येत नसेल, तर मुलाखतीत काय शोधणार आहात तुम्ही? चेहरा?

जेडीमध्ये, म्हणजे जागेच्या कामाच्या वर्णनात, "किमान ५ वर्षांचा अनुभव" असं डोळे झाकून लिहितात. श्मिट आणि हंटर यांनी १९९८ साली कितीतरी जुने अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा अनुभवाची वर्षं आणि पुढचं काम यांचा संबंध ०.१८ निघाला. शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, एक म्हणजे अचूक भाकीत. वर्षं मोजू नकोस, केलेलं काम विचार: "महिन्याची सगळी बिलं एकट्याने तपासून वेळेत बंद केली आहेत का?" आणि अटी सहापेक्षा जास्त नकोत. पंधरा अटी लिहिल्या की त्यांतल्या कोणत्या खऱ्या हे प्रत्येक परीक्षक आपापल्या मनाने ठरवतो, आणि तिथूनच तुमची तीन मतं जन्माला येतात.

मुलाखतीच्या बाबतीत तर ऐकच. डॅनियल काहनेमन हे मानसशास्त्रज्ञ १९५५ साली, एकविसाव्या वर्षी, इस्रायली सैन्यात जवानांच्या मुलाखतींची पद्धत नव्याने बसवत होते. त्यांनी सहा स्वभावगुण ठरवले, प्रत्येकासाठी ठरावीक प्रश्न दिले आणि अट घातली, की एका गुणाचे आकडे लिहून झाल्याशिवाय दुसऱ्याकडे वळायचं नाही. मुलाखत घेणारे चिडले, आम्हाला यंत्रमानव करताय म्हणाले. त्यांची समजूत काढायला शेवटी एक सवलत दिली: सहाही गुणांचे आकडे भरून झाले, की डोळे मिटून हा जवान म्हणून कसा वाटतो याचा एक आकडा द्या. काही महिन्यांनी पडताळा घेतला तेव्हा सहा आकड्यांची बेरीज जुन्या पद्धतीपेक्षा पुष्कळ बरी ठरली, आणि डोळे मिटून दिलेला आकडाही तितकाच चांगला निघाला. अंतर्मन कुचकामी नसतं, पण त्याची पाळी शेवटी येते. तुमच्याकडे ती पहिल्या दोन मिनिटांत येते आणि उरलेला तास तिची बाजू मांडण्यात जातो.

आकडे हवेत तर घे. सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली जुन्या आकडेमोडीतल्या चुका दुरुस्त करून पुन्हा हिशेब मांडला. पुढच्या कामाशी संबंध, मघासारखाच शून्य ते एकमध्ये: ठरावीक प्रश्नांची मुलाखत ०.४२, गप्पांसारखी मुलाखत ०.१९. कामाचा नमुना करून घेतला तर ०.३३. ०.४२ हाही काही मोठा तीर नाही. पण ०.१९ वर कोणाचा पगार आणि कोणाची निराशा ठरवणं मला बघवत नाही.

मुलाखतीत गुण द्यायचा तक्ता कसा करायचा, ते एका प्रश्नापुरतं दाखवते. प्रश्न: "ग्राहक चिडलाय, चूक आपली आहे, वरिष्ठ फोन उचलत नाहीत. पहिल्या तासात काय कराल?" खाली आधीच लिहून ठेवायचं: १ गुण, वरिष्ठांची वाट पाहीन. ३ गुण, माफी मागून माहिती लिहून घेईन, पण पुढे कधी कळवणार ते सांगत नाही. ५ गुण, पुढचा फोन किती वाजता करणार ते ग्राहकाला सांगतो, आपल्या अखत्यारीतलं तेवढं लगेच दुरुस्त करतो आणि वरिष्ठांसाठी लेखी टिपण सोडतो. सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. उत्तर संपलं की आकडा लगेच, त्याच जागी. संध्याकाळी आठवून भरलेले आकडे म्हणजे शेवटच्या उमेदवाराचं प्रगतिपुस्तक.

पॅनेलमधल्या प्रत्येकाने आपला तक्ता भरून आधी एकाच्या हाती द्यायचा, मग तोंड उघडायचं. बाहेर पडतापडता कोणीतरी "मस्त आहे ना पोरगा!" म्हणतं, आणि त्यानंतर भरलेले सगळे आकडे त्या वाक्याकडे कलतात. चर्चा फक्त तिथे, जिथे दोघांच्या आकड्यांत २ किंवा जास्त फरक आहे. "आपल्यात मिसळेल" असं कोणी म्हणालं तर शांतपणे विचार: कोणत्या वागण्यावरून? लिहून देता? लिहिता येण्यासारखं वागणं निघालं तर त्याचा वेगळा रकाना कर, पण पुढच्या भरतीपासून. नाही निघालं, तर तो आकडा धरायचा नाही.

कामाचा नमुना एक-दोन तासांत होईल एवढाच ठेव. त्याहून मोठा असेल तर पैसे द्या. उमेदवारांकडून खरं काम फुकट उरकून घेणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही, ती चोरी आहे. आणि नकार ठरला की तीन दिवसांत दोन ओळी पाठव. "कळवतो" म्हणून महिना-महिना ताटकळत ठेवणं, एवढं एक तरी तुझ्या हातून होऊ देऊ नकोस.

तू म्हणशील, मी सगळ्यात कनिष्ठ, माझं कोण ऐकणार? अगं, लिहायला परवानगी लागत नाही. "अजेंडा कुठाय?" असं विचारू नकोस, ते टोचतं. "तयारी करून येते, कोणत्या निर्णयासाठी भेटतोय?" असं विचार. मिनिट्स कोणी घेत नसेल तर मीटिंग संपल्यावर दहा मिनिटांत तू तीन ओळी पाठव: मला असं समजलं, चुकलं असेल तर उद्या १२ वाजेपर्यंत सांगा. जो लिहितो त्याचं म्हणणं राहतं, पद काहीही असो.

याला कागदी घोडे नाचवणं म्हणणारे भेटतील. मलाही म्हणतात, खडूस म्हणतात, म्हणोत. कागदी घोडा तो, जो काम फसल्यावर स्वतःला वाचवायला मागाहून लिहिला जातो, सतरा जणांना सीसी करून. मी सांगतेय तो कागद आधीचा आहे, आणि त्यात लिहिणाऱ्याचीच चूक पहिल्यांदा उघडी पडते. म्हणून तो कोणाला नको असतो. मलाही बरीच वर्षं नको होता. त्या वर्षांत कोणाकोणावर अन्याय झाला त्याची यादी तुला देणार नाही, पण ती आहे.

एक अपवाद मान्य करते. कोणाला वाईट बातमी द्यायची असेल, कामातली चूक दाखवायची असेल, दोघांत बिनसलं असेल, तर समोरासमोर बस. ईमेल नको, चॅट तर नकोच. तरी जाण्याआधी दोन ओळी लिही: नेमकं काय घडलं आणि मला काय बदलायला हवंय. तो कागद दाखवायचा नाही, खिशात ठेवायचा. "तू नेहमीच उशीर करतेस" असं तोंडातून निघण्याआधी त्यावर "या महिन्यात तीनदा, ४, ११ आणि १९ तारखेला" असं लिहिलेलं असलं, की "नेहमीच" गळून पडतं आणि भांडण निम्म्यावर येतं.

दुसऱ्या जागेच्या मुलाखती गुरुवारी आहेत असं लिहिलं आहेस. तक्ता मला मंगळवारी रात्रीपर्यंत पाठव. प्रत्येक प्रश्नाखाली १, ३ आणि ५ ला काय म्हणायचं ते लिहिलेलं हवं, आणि "व्यक्तिमत्त्व" नावाचा रकाना दिसला तर न वाचता परत पाठवीन.

तुझी,
मावशी