गणपतीला गावी जाऊन मग केस टाकू, असं करू नका

भांडुपच्या एका वाचकाने विचारलंय, राजापूरकडच्या घरी आईवडिलांसाठी वर्षाचे पैसे एकदम भरून फायबर घेतलं, 2024 च्या चतुर्थीलाच लाइन गेली ती गेलीच, लाइनमन फोनवर नुसता उद्या येतो म्हणतो, गावात दुसरी कंपनी नाही, मोबाइलची रेंज सड्यावर गेल्याशिवाय मिळत नाही, तर यंदा गणपतीला गेल्यावर कागद गोळा करून ग्राहक कोर्टात, म्हणजे ग्राहक आयोगात, जाऊ का. कोकणातून अशी पत्रं सारखी येतात.

तोवर थांबू नका. ग्राहक कायद्याच्या कलम 69 प्रमाणे मुदत दोन वर्षं, आणि ती तारखेने मोजतात, तिथीने नाही. 2024 ची चतुर्थी 7 सप्टेंबरला होती, यंदाची, म्हणजे 2026 ची, 14 ला आहे, म्हणजे तुम्ही गावी पोचेपर्यंत मुदत संपलेली असेल. प्लॅन संपेपर्यंत तक्रारीचं रोज नवं कारण घडत होतं असा युक्तिवाद करता येतो, उशीर माफीचा अर्जही करता येतो, पण "लाइनमन उद्या येतो म्हणाला" हे आयोगाला पटेलच असं मी सांगणार नाही.

आणि इतके दिवस नुसते लाइनमनलाच फोन? राग येतो हो. कस्टमर केअरकडून डॉकेट नंबर, म्हणजे तक्रार नोंदवल्याचा क्रमांक, तेव्हाच घ्यायला हवा होता, निदान आज घ्या. त्यावर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे फुकट अपील होतं, 39 दिवसांत निकाल द्यायचा असतो, पण त्याचीही वाट बघत बसू नका. ट्रायला, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाला, पत्र लिहून उपयोग नाही, ते एकेकट्या ग्राहकाची तक्रार चालवत नाहीत.

टेलिकॉमची केस ग्राहक आयोगात चालत नाही असं कुणी सांगेल, तो वाद सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी 2022 मध्येच मिटवलाय. तुम्ही मुंबईत राहता म्हणून तक्रार इथेच करता येते, रत्नागिरीला खेटे नकोत, ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या पोर्टलवर ऑनलाइन टाका, तुमच्या रकमेला फी नाही.

बंद काळाचे पैसे मागाच, त्रासाची भरपाई किती देतील ते आयोगावर. गावात दुसरी कंपनी आणा असा आदेश मात्र मिळणार नाही. निकाल तीन महिन्यांत लागावा असं कायद्यात लिहिलंय, प्रत्यक्षात तारखांमध्येच वर्ष निघून जातं, त्याची तयारी ठेवा.

पावती हरवली असेल तर बँकेचं स्टेटमेंट जोडा, लाइनमनबरोबरचं व्हॉट्सअ‍ॅप पुसू नका. कनेक्शन वडिलांच्या नावावर असेल तर त्यांनाही तक्रारदार करा, सहीचे कागद आत्ताच गावाहून मुंबईला येणाऱ्या कुणाच्या तरी हाती मागवून घ्या.