गोव्यातल्या हिवाळ्याची फ्रेम : कापसाच्या बर्फाऐवजी धुकं

ताई, तुमचा प्रश्न वाचला. नाशिकहून डिचोलीला आलात, नाताळाच्या दिवसांत भिंतीवर लावायला बर्फाळ डोंगरांची फ्रेम केलीत, आणि पहिल्याच पावसाळ्यात कापूस काळवंडला, चिकटवलेलं सगळं सुटलं, खालच्या एमडीएफला (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डाला) बाक आला. वाईट वाटलं वाचून, कारण हातकामाला किती रात्री जातात ते मला माहीत आहे. मीही एका वर्षी बर्फ म्हणून जाडं मीठ लावलं होतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढून विरघळतं. जूनमध्ये माझ्या फ्रेमचे निळे ओघळ थेट भिंतीवर उतरले होते.

तेव्हा माझं पहिलं सांगणं : कापूस आणि मीठ दोन्ही सोडा, बर्फच सोडा. आपल्याकडचा हिवाळा म्हणजे पहाटेचं धुकं, दंव आणि आंब्याला फुटणारा मोहोर. डिचोलीत तर सकाळी दार उघडलं की समोर धुकंच असतं. तेच करा.

बोर्ड १२ बाय १६ इंचांचा घ्या. एमडीएफ चालेल, पण प्रायमर, म्हणजे रंगाआधीचं अस्तर, पुढून, मागून आणि चारही कडांना लावायचा. एकाच बाजूला लावला की दुसरी बाजू ओल पिते आणि बोर्ड वाकतो. तुमचं बहुतेक तेच झालं असणार. प्रायमर दोन हात, आणि मध्ये एक पूर्ण दिवस वाळू द्या.

आता धुकं. दक्षिण गोव्यातल्या चांदोरच्या जुन्या वाड्यांत खिडक्यांना काचेऐवजी शिंपले बसवलेले दिसतात. त्यातून येणारा दुधाळ उजेड बघितलात की मी काय म्हणते ते कळेल. तो शिंपला मात्र गोळा करू नका, विकतही घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायद्याने तो संरक्षित आहे. तसाच उजेड बटर पेपरमधून मिळतो. हँडमेड पेपर हाताने फाडून डोंगरांच्या तीन रांगा करा, मागची सगळ्यात फिकी, पुढची गडद. कात्री लावू नका, फाटलेली पांढरी कड हीच धुक्याची कड होते. प्रत्येक रांगेवर बटर पेपरचा एक थर. त्याला गोंद अजिबात लावायचा नाही, ओला झाला की सुरकुततो. सनबोर्डच्या (हलक्या फोमच्या बोर्डाच्या) पातळ पट्ट्यांवर दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने ताणून बसवा, म्हणजे दोन थरांत थोडी पोकळी राहते आणि डोंगर खरोखर लांब गेल्यासारखे वाटतात.

खालची जमीन मला सगळ्यात आवडते. दोन भाग टाल्कम पावडर, एक भाग फेविकॉल, एक भाग पांढरा ॲक्रिलिक अशी पेस्ट घोटा. घरात जुनी क्रोशाची लेस असेल तर ती बोर्डावर ताणून धरा, जुन्या एटीएम कार्डाने पेस्ट वरून ओढा आणि लेस सरळ वर उचला. खाली गवतावर दंव पडल्यासारखी नक्षी उमटलेली असते. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी कितीतरी वेळ नुसती बघत बसले होते. लेस लगेच धुवा, वाळली तर गेली. पेस्ट जाड थापू नका, तडे जातात; उंची हवी तर वाळवून दुसरा हात द्या.

झाडासाठी पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली पडलेली छोटी बोंडं आणि काटक्या वेचा. घरी आणून गोड्या पाण्यात धुवा, कारण किनाऱ्यावरच्या वस्तूंत खार असतो आणि खार ओल ओढतो. मग दोन-तीन दिवस कडक ऊन, म्हणजे आतले किडेही जातात.

शेवटी दंवाचे थेंब. काटक्यांमध्ये पांढऱ्या शिलाईच्या दोऱ्याचं कोळ्याचं जाळं विणा आणि दोन भाग मिसळून घट्ट होणारा पारदर्शक इपॉक्सी गोंद टूथपिकच्या टोकाने दोऱ्यावर ठेवत जा. थेंब आपोआप गोल होतो. हे काम कोरड्या दिवशी दुपारीच करा. दमट हवेत इपॉक्सी धूसर होतो, मग थेंबात ती चमक येत नाही.

फ्रेम बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, त्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते. मे संपता संपता उतरवून जुन्या सुती साडीत गुंडाळा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि वरच्या कप्प्यात ठेवा. बटर पेपरमागे बॅटरीवरच्या दिव्यांची पिवळी माळ सोडलीत तर संध्याकाळी फार सुंदर दिसतं. फक्त बॅटरीचा डबा मागून उघडता येईल असा ठेवा आणि फ्रेम उतरवताना सेल काढून घ्या, नाहीतर ते आत गळतात.