सरकारची काटकसर चालू असताना कामगार कायदे शिथिल केले, तर नोकऱ्या खरंच वाढतात का?

मंदीत तरी वाढत नाहीत. हे मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या, म्हणजे धातू ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्याच्या, टाइम ऑफिसात (हजेरी-पगाराच्या खात्यात) बसून बघितलंय.

२०१९ साली गाड्यांचा खप पडला आणि आमच्या कास्टिंगच्या (ओतीव भागांच्या) ऑर्डरी दर महिन्याला कमी होत गेल्या. तीन पाळ्यांच्या दोन झाल्या, मग एकच राहिली. ऑगस्टात महापूर आला, शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला. पाणी ओसरलं, पण ऑर्डरी आल्या नाहीत. आमच्याकडं परमनंट थोडे. फेटलिंगला (ओतलेले भाग घासून साफ करायला), कोअर शॉपला (साच्यातले गाभे बनवायला), भट्टीवर बहुतेक ठेकेदाराचीच माणसं. त्यांना कमी करायला कुणाची परवानगी लागत नव्हती. ठेकेदाराला फोन गेला की दुसऱ्या दिवशी तेवढी माणसं गेटवर दिसायची नाहीत. म्हणजे मालक मंडळी जी मोकळीक मागतात, ती या माणसांच्या बाबतीत आधीपासूनच होती. तरी त्या मोकळिकीमुळं एक माणूस जादा घेतला गेला नाही, कारण माणूस घेतात तो ऑर्डर बघून. परमनंटना ले-ऑफ, म्हणजे काम नसताना घरी बसवल्याची भरपाई, मिळाला, मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून त्याच्या निम्मा. तेवढ्यावर घरं कशीबशी तरली.

युरोपात हेच फार मोठ्या प्रमाणावर झालं. ग्रीसनं कर्ज देणाऱ्यांच्या अटींवर २०१२ मध्ये किमान वेतन २२ टक्क्यांनी कापलं, महिना ७५१ युरोचे ५८६ केले. पंचविशीच्या आतल्यांचं तर ३२ टक्क्यांनी. २०१३ मध्ये तिथली बेकारी २७ टक्क्यांवर होती. स्पेननं २०१२ मध्येच बेकायदा काढलेल्या कामगाराची भरपाई वर्षामागं ४५ दिवसांच्या पगारावरून ३३ दिवसांवर आणली, आणि पुढच्या वर्षी तिथं चारात एक माणूस बेकार होता. ही सगळी बेकारी कायद्यामुळं आली असं मी म्हणणार नाही. पण सरकारनं खर्च आखडला, लोकांचे पगार कापले, मग माल घेणार कोण? काढणं स्वस्त झालं की अशा वेळी आधी काढणंच होतं. स्पेनमध्ये पुढं नोकऱ्या वाढल्या, पण त्यातल्या इतक्या तात्पुरत्या होत्या की २०२१ च्या शेवटी त्यांना आवर घालायला नवा कायदा करावा लागला.

जर्मनीनं २००९ मध्ये दुसरी वाट धरली. माणूस कामावर ठेवून तास कमी केले, आणि बुडालेल्या पगाराचे ६० टक्के, मुलंबाळं असतील तर ६७ टक्के, सरकारी बेकारी विम्यातून दिले. त्या वर्षी देशाचं उत्पन्न पाच टक्क्यांहून जास्त घसरलं, बेकारी मात्र फारशी वाढली नाही. मोल्डर (साचे बनवणारा कारागीर) तयार व्हायला किती वर्षं लागतात हे ज्यानं बघितलंय, त्याला यातलं शहाणपण लगेच कळेल. आमच्याकडं ऑर्डरी परतल्या तेव्हा जुन्यातली निम्मी माणसं परत आलीच नाहीत, आणि नव्यांच्या हाताखाली रिजेक्शन वाढलं.

मालकांची बाजू अगदीच खोटी नाही. कामगार कपातीला सरकारची परवानगी शंभर माणसांपासून लागायची, म्हणून हजेरीपट शंभराच्या आत ठेवणारे, एका कारखान्याचे कागदावर दोन करणारे मी ओळखतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांनी ही मर्यादा तीनशेवर नेली. त्यानं ही लपवाछपवी कमी झाली तर चांगलंच. त्याच संहितेत कपात झालेल्या कामगाराच्या खात्यावर, नवं कौशल्य शिकण्यासाठी, पंधरा दिवसांचा पगार जमा करायची तरतूद आहे. पंधरा दिवसांत कोण काय शिकणार? मर्यादा सैल करायच्या आधी बेकारीच्या काळातला आधार भक्कम करायला हवा होता, असं माझं ठाम मत आहे.

तसा आधार अगदीच नव्हता असंही नाही. ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्यात, २०१८ मध्ये अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आली. काम सुटलेल्याला ९० दिवसांपर्यंत सरासरी रोजाच्या २५ टक्के मिळायचे, २०२० मध्ये ते ५० टक्के झाले. २०१९ मध्ये फेटलिंगचा एक पोरगा ठेकेदारानं कमी केल्यावर माझ्या टेबलापुढं येऊन विचारत होता, "साहेब, कुठनं काय मिळंल का?" मी नाही म्हणालो. त्या योजनेचं नाव मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि आमच्या कारखान्यात कुणी सांगितलंही नव्हतं. तुम्ही किंवा तुमच्या घरातलं कुणी ठेकेदाराकडं असेल, तर ईएसआयचा नंबर मागून घ्या आणि हप्ते खरंच भरले जातायत का ते आजच बघा.