खपल्या गळल्यानंतरचा महिना

फोंडा, गोवा

चि. मुलीस, अनेक आशीर्वाद.

पणजीहून गालांवरच्या मुरुमांच्या खड्ड्यांसाठी लेसर करून आलीस आणि दुसऱ्याच सकाळी आरसा पाहून रडलीस, असे तुझ्या आईने कळवले. चेहरा सुजणे, उन्हात करपल्यासारखा लाल होणे, एखाद-दोन दिवस चिकट पाणी पाझरणे हे अपेक्षितच आहे. फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेसर त्वचेत सूक्ष्म छिद्रे पाडतो आणि त्यांच्यामधली त्वचा मुद्दाम शाबूत ठेवतो. जखम भरते ती या शाबूत भागातून. तिसऱ्या-चौथ्या दिवशी चेहरा तपकिरी आणि पॉलिश पेपरसारखा खरखरीत होईल, आणि साधारण आठवड्याभरात ती साल आपली आपण गळेल. तोवर हलक्या हाताने धुणे, पुसण्याऐवजी टिपणे आणि डॉक्टरांनी दिलेल्या मलमाचा किंवा पेट्रोलियम जेलीचा थर सुकू न देणे, एवढेच तुझे काम. खाज येईल, पण नख लावू नकोस. आजीने कोकमतेल किंवा हळद पुढे केली, तर तिला नमस्कार करून नाही म्हण. मात्र दुखणे कमी होण्याऐवजी वाढू लागले, पू दिसला, ताप आला किंवा बारीक पाणीदार फोडांचा पुंजका उठला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन कर. लेसरनंतर नागीण-कुळातला ओठांवरचा जुना विषाणू कधी कधी उसळतो.

पण मी लिहायला बसले ती या आठवड्यासाठी नव्हे. या आठवड्यात माणूस भीतीपोटी शहाण्यासारखे वागते. घात होतो तो पुढे.

मीही हाच लेसर करून घेतला होता. माझी साल गळली त्या दिवशी गाल इतके सपाट दिसले की जत्रेच्या नाटकातली भूमिका मी त्याच संध्याकाळी स्वीकारली. ते सपाटपण बरेचसे सुजेचे होते, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हते. सूज पूर्ण ओसरली तसे खड्डे पुन्हा वर आले, आणि चौथ्या आठवड्यात गालांवर मातकट ठिपके उमटले, लेसरच्या ठशाची चौकट ओळखू यावी इतके रेखीव. आपल्या सावळ्या त्वचेची ही खोडच आहे. तिला इजा झाली की ती रंगद्रव्य जास्त तयार करते. असे डाग बहुधा काही महिन्यांत फिकट होत जातात. मला तेवढा धीर नव्हता. एका औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय डागांची ट्यूब आणली, जिच्यात स्टेरॉइड होते. पंधरा दिवस चेहरा उजळला आणि मग बारीक पुळ्या, आग आणि उन्हात पाऊल ठेवताच लाली, अशी साडेसाती मागे लागली, जी निस्तरण्यात वर्ष गेले. तेव्हा डाग दिसले तर लेसर केलेल्या डॉक्टरांकडेच जा, आणि रेटिनॉल, स्क्रब वगैरे त्यांच्या परवानगीशिवाय सुरू करू नकोस.

आता उन्हाविषयी. तू स्कूटरने फर्मागुडीला जातेस. ते ऊन मिरामारच्या किनाऱ्यावरच्या उन्हाइतके जाणवत नाही, म्हणूनच ते फसवे आहे. साल जाईपर्यंत शक्यतो घरीच राहा. नंतर डॉक्टर सांगतील तेव्हापासून एसपीएफ 30 किंवा अधिकचे सनस्क्रीन लाव, शक्यतो आयर्न ऑक्साइडची रंगछटा असलेले, कारण आपल्या त्वचेवर डाग पाडण्यात डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाचाही हात असतो. चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांच्या लांबीइतके घे, आणि बाहेर असशील तर दर दोन तासांनी पुन्हा. हेल्मेटचा पट्टा हनुवटीला घासतो, तिथे मऊ सुती कापड ठेव. जांबावलीच्या गुलालोत्सवाला यंदा जाऊ नकोस.

खड्ड्यांचा खरा निकाल त्वचेखाली नवे कोलॅजन, म्हणजे त्वचेला आधार देणारे प्रथिन, तयार होईल तसा तीन ते सहा महिन्यांत दिसतो, आणि तोही खड्डे उथळ झाल्याचा. पुसले गेल्याचा नव्हे. सुईने टोचल्यासारखे अरुंद, खोल खड्डे लेसरला फारशी दाद देत नाहीत, त्यांना वेगळा उपचार लागतो. रोज आरसा पाहण्यापेक्षा महिन्यातून एकदा त्याच खिडकीशी, त्याच वेळी फोटो काढून ठेव.

राहिली तुझी यंदाच्या नाटकातली नायिकेची भूमिका. तासन्‌तास रंग लावून दिव्यांच्या धगीत उभे राहणे आणि मग तो तेलाने खरवडून काढणे या नव्या कातडीला झेपणार नाही. नाट्यमंडळाशी मी बोलले आहे. यंदा तू विंगेत बसून प्रॉम्प्टिंग करायचे आहेस. नाटकाची वही तुझ्या आईकडे पाठवली आहे.

तुझी,
बाई