पायथन स्क्रिप्टला '--चाचणी फॉल्स' दिलं तरी चाचणीच का चालते?

प्रश्न हिंगणघाटकडच्या जिनिंगवर कापसाच्या आवकेचा हिशोब करणाऱ्या स्क्रिप्टचा आहे: वजन, तारीख, ओलावा आणि चाचणी कमांड लाइनवरून द्यायचे आहेत.

दोष 'टाइप=बूल'चा (बूल म्हणजे खरं किंवा खोटं). आर्गपार्स, म्हणजे कमांड लाइनवरचे पर्याय वाचणारं पायथनचं मॉड्यूल, तुमचा शब्द थेट बूलला देतं, आणि रिकामी नसलेली कोणतीही स्ट्रिंग (मजकूर) खरीच ठरते, 'फॉल्स'सुद्धा. टाइप काढा, 'ॲक्शन=स्टोअर_ट्रू' लावा. मग '--चाचणी' लिहिलं तर चालू, नाही लिहिलं तर बंद.

वजन क्विंटलमध्ये, म्हणून टाइप फ्लोट, म्हणजे दशांश संख्या. काटेवाल्याने '४२.५' असे मराठी अंक टाकले तरी फ्लोट ते घेतो. '४२,५' मात्र नाही.

तारखेसाठी स्ट्रपटाइम (मजकुरातून तारीख वाचणारी सोय) वापरणारं छोटं फंक्शन लिहून ते टाइपला द्या, आपल्याकडे दिवस-महिना-वर्ष असंच लिहितात. लॅम्डा (बिननावाचं फंक्शन) नको, कारण एररमध्ये नुसतं 'लॅम्डा' दिसतं आणि मुनीमजींना काही उमगत नाही. फंक्शनमधून आर्ग्युमेंटटाइपएरर ही आर्गपार्सची एरर फेकली की तुमचंच मराठी वाक्य छापलं जातं आणि स्क्रिप्ट 2 या कोडने थांबते. ओलाव्याची 8 ते 12 टक्के ही मर्यादाही अशाच फंक्शनमध्ये तपासा. चॉइसेस म्हणजे चालणाऱ्या किमतींची ठरावीक यादी, तिच्यात 8.5 कुठे बसवणार?

हेल्पमध्ये प्रत्येक पर्यायाचं एकक लिहाच: 'वजन, क्विंटल, गाडीचं वजन वजा करून'. तिथे टक्क्याचं चिन्ह दोनदा (%%) लिहा. एकटं % आर्गपार्सला फॉरमॅटची खूण वाटते आणि एरर येते. डिफॉल्ट (पर्याय न दिल्यास धरली जाणारी किंमत) दाखवायला आर्ग्युमेंटडिफॉल्ट्सहेल्पफॉर्मॅटर आहेच.