नवी हार्ड डिस्क दिसत नाही?
ठाण्याहून लॅमिंग्टन रोडला डिस्क बदलायला धावू नकोस, आधी बायोस (विंडोज सुरू होण्याआधी उघडणारा मदरबोर्डचा सेटिंग्जचा पडदा) उघड. तिथे दिसतेय, पण विंडोजमध्ये नाही? मग डिस्क मॅनेजमेंटमध्ये इनिशियलाइज कर (म्हणजे वापरासाठी तयार कर), जीपीटी (डिस्कच्या विभागणीची नवी पद्धत) निवड, व्हॉल्यूम (फायली ठेवायचा ड्राइव्ह) बनव. (जुना डेटा असलेल्या डिस्कवर हे अजिबात नको.)

बायोसमध्येही नसेल तर पीसी चालू करताना डिस्कला बोट लाव. थरथर नाही, तर १५ पिनांची पॉवर केबल दाबून बसव. दुसऱ्या पीएसयूची (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याची) मॉड्युलर, म्हणजे सुटी निघणारी केबल मात्र लावू नकोस. पिनांची मांडणी वेगळी निघाली तर डिस्क जळू शकते. थरथरतेय तरी गायब? एम.२ स्लॉट (मदरबोर्डवरची चपट्या एसएसडीची खाच) बघ. बऱ्याच मदरबोर्डवर तिथे एसएसडी बसवली की एकदोन साटा पोर्ट (डिस्कची डेटा केबल लागते त्या जागा) बंद होतात. कोणते, ते मॅन्युअलमध्ये असतं, जे कुणी उघडत नाही. पीसी बंद करून डेटा केबल दुसऱ्या पोर्टला लाव.