दुहेरी खेळून पोट भरते का?

वाचकांचे प्रश्न : टेनिस

प्रश्न : माझा मुलगा १७ वर्षांचा असून आठव्या वर्षापासून टेनिस खेळतो. एकेरीत तो राज्य पातळीवरील स्पर्धांत दुसऱ्या-तिसऱ्या फेरीपुढे फारसा जात नाही. दुहेरीत मात्र गेल्या वर्षभरात त्याने दोन स्पर्धा जिंकल्या. आता एकेरी सोडून दुहेरीवरच लक्ष द्यावे, असे त्याचे प्रशिक्षक सांगतात. घरात यावरून मतभेद आहेत. माझे सासरे जुने तालमीतले आहेत. ‘एकट्याला मैदान मारता येत नाही म्हणून दुसऱ्याच्या आधाराने खेळायचे, याला काय अर्थ?’ असे ते म्हणतात. यजमानांचा प्रश्न सरळ आहे : दुहेरी खेळून पोट भरते का? कृपया मार्गदर्शन करावे.
– एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, तुमच्या सासऱ्यांच्या बोलण्यापासून सुरुवात करतो, कारण कोल्हापुरात हे मत एकट्या त्यांचे नाही. खासबागेच्या मैदानात मल्ल एकटा उतरतो, पडतो तोही एकटा, आणि जिंकला तर खांद्यावरून मिरवला जातो तोही एकटाच. अशा गावात दोघांनी मिळून मिळवलेले यश अर्धे वाटावे, यात नवल नाही. परंतु पेठांचा फुटबॉलही याच गावाचा आहे. शाहू स्टेडियमवर गोल करणाऱ्याइतकीच, त्याच्या पायात नेमका चेंडू देणाऱ्याचीही वाहवा होते, हे त्यांनी अनेकदा पाहिले असेल. दुहेरीचे टेनिस त्या दुसऱ्या जातकुळीचे आहे.

एकेरीचे कोर्ट २७ फूट रुंद असते आणि दुहेरीचे ३६ फूट. माणसे दुप्पट होतात, रुंदी मात्र एक तृतीयांशानेच वाढते. त्यामुळे मोकळी जागा कमी उरते, आणि चारपैकी दोन-तीन खेळाडू नेटजवळ असल्याने चेंडू अंगावर येईपर्यंत विचार करायलाही वेळ मिळत नाही. बेसलाइनवर, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेवर, उभे राहून वीस फटक्यांची देवाणघेवाण करण्याचे कौशल्य येथे फारसे उपयोगी पडत नाही. सर्व्हिस, रिटर्न आणि व्हॉली (टप्पा पडण्याआधीच मारलेला फटका) या तीन गोष्टींवर बहुतेक गुणांचा निकाल लागतो.

पुढच्या वेळी मुलाचा सामना पाहाल तेव्हा सर्व्हिस करणाऱ्याकडे पाहू नका, त्याच्या जोडीदाराकडे पाहा. तो नेटपासून काही फुटांवर, सर्व्हिस करणाऱ्याकडे पाठ करून, गुडघ्यात वाकून उभा असतो. त्याचा एक हात पाठीमागे कमरेशी असतो आणि बोटांच्या खुणेने तो जोडीदाराला दोन गोष्टी सांगत असतो : सर्व्हिस कोठे टाकायची, आणि नंतर मी जागेवर थांबणार की पलीकडे झेपावणार. खुणा जोडीजोडीच्या वेगळ्या असतात. अनेकांत मिटलेली मूठ म्हणजे थांबणार आणि उघडा पंजा म्हणजे जाणार. रिटर्न मारणाऱ्याची नजर चेंडूवर खिळलेली असते, त्याची रॅकेट पुढे येऊ लागलेली असते, आणि नेमक्या त्या क्षणी हा गडी सुटतो. थोडा आधी सुटला तर मोकळ्या पडलेल्या ट्रामलाइनमधून, म्हणजे कोर्टाच्या कडेच्या पट्टीतून, चेंडू निघून जातो. थोडा उशिरा सुटला तर चेंडू रॅकेटच्या कडेला लागून कोठेही उडतो. ही वेळ साधणे ही स्वतंत्र विद्या आहे, आणि ती एकेरीत अव्वल असलेल्या अनेकांना येत नाही. सासऱ्यांना हे एकदा कोर्टाच्या कडेला बसवून दाखवा. डावाची वेळ म्हणजे काय, हे तालमीत मुरलेल्या माणसाला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

एकेरीत पुढे न गेलेल्या खेळाडूला दुहेरीत काय करता येते, याचे उदाहरण शोधायला लांब जाण्याची गरज नाही. रोहन बोपण्णा एकेरीच्या क्रमवारीत पहिल्या दोनशेतही कधी आला नाही. तोच बोपण्णा जानेवारी २०२४ मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी, मॅथ्यू एब्डनच्या साथीने ऑस्ट्रेलियन ओपनची पुरुष दुहेरी जिंकला आणि दुहेरीच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या स्थानावर पोहोचला. इतक्या वयात प्रथमच त्या स्थानी पोहोचलेला दुसरा खेळाडू नाही. त्याच्या गुडघ्यांतील कूर्चा झिजली होती आणि अय्यंगार पद्धतीच्या योगाभ्यासाने त्या वेदना आटोक्यात आल्या, हे त्याने स्वतःच सांगितले आहे. युकी भांब्रीची वाट वेगळी होती. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनचे कुमार गटातील विजेतेपद मिळवलेला हा खेळाडू २०१८ मध्ये एकेरीत ८३ व्या क्रमांकापर्यंत पोहोचला, दुखापतींनी त्याला मागे खेचले, आणि पुढे दुहेरीकडे वळून २०२५ मध्ये मायकेल व्हीनसच्या साथीने तो अमेरिकन ओपनच्या उपांत्य फेरीत खेळला. कोर्टाचा आपल्या वाट्याचा निम्मा भाग सांभाळायचा असल्याने दुहेरीत शरीराची झीज कमी होते आणि कारकीर्द लांबते. एकेरीत ज्या वयात निवृत्तीचे बोलणे सुरू होते, त्या वयात दुहेरीचा खेळाडू अनेकदा भरात येतो.

आता यजमानांचा प्रश्न. त्यांच्यापुढे खरा हिशेब मांडला पाहिजे. २०२५ च्या विम्बल्डनमध्ये एकेरीच्या विजेत्याला ३० लाख पौंड मिळाले, तर पुरुष दुहेरीच्या विजेत्या जोडीला ६ लाख ८० हजार, आणि तेही दोघांत वाटून. ही शिखरावरची गोष्ट झाली. पायथ्याशी चित्र अधिक कठीण आहे. १५ हजार डॉलरची आंतरराष्ट्रीय स्पर्धा म्हणतात तेव्हा ती रक्कम एकेरी आणि दुहेरी मिळून संपूर्ण स्पर्धेची असते. दुहेरीचे विजेतेपद मिळाले तरी एकेकाच्या हाती काही शे डॉलरच येतात, आणि तेवढे तर विमानाच्या तिकिटात जातात. मोठ्या स्पर्धांच्या मुख्य ड्रॉमध्ये (मुख्य फेऱ्यांत) नियमितपणे स्थान मिळू लागले की दुहेरीवर संसार चालतो आणि चांगला चालतो. तेथवर पोहोचेपर्यंतची चार-सहा वर्षे मात्र घरच्या पैशांवर, नोकरीवर किंवा प्रायोजकावर काढावी लागतात. हे गृहीत धरूनच निर्णय घ्यावा. कर्ज काढून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रशिक्षकांचा सल्ला मला अर्धाच पटतो. दुहेरीकडे वळावे, हे ठीक. १७ व्या वर्षी एकेरी सोडावी, हे नाही. यामागे माझी स्वतःची एक चूक आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलाची व्हॉली पाहून मी हरखून गेलो आणि पंधराव्या वर्षीच त्याला एकेरी बंद करायला लावली. नेटवर तो सुरेख खेळे. पण एकेरीचे लांबलचक सामने थांबल्याने त्याचा बॅकहँडचा रिटर्न कच्चाच राहिला, आणि एकोणिसाव्या वर्षी मोठ्या गटात गेल्यावर प्रत्येक जोडीने प्रत्येक महत्त्वाच्या गुणाला त्याच्या बॅकहँडवरच सर्व्हिस टाकली. तो दोष तोवर हातात मुरला होता. आम्हा दोघांनाही तो पुन्हा दुरुस्त करता आला नाही. त्या मुलाचे नुकसान माझ्या घाईने झाले, हे मी आजही विसरलेलो नाही.

एकेरी न सोडण्याला व्यावहारिक कारणही आहे. व्यावसायिक स्पर्धांत जोडीला प्रवेश दोघांच्या क्रमवारीच्या बेरजेवरून मिळतो आणि त्यासाठी एकेरीची क्रमवारी चांगली असेल तर तीही धरता येते. सुरुवातीच्या वर्षांत ही दोन दारे उघडी असणे फार मोलाचे असते.

मुलाचे शिक्षण बरे चालले असेल तर अमेरिकन विद्यापीठांच्या शिष्यवृत्तीचा विचार याच वर्षी सुरू करा. तेथील आंतरविद्यापीठ सामन्यांत प्रथम दुहेरीच्या तीन लढती होतात आणि त्यांपैकी दोन जिंकणाऱ्या संघाला एक गुण मिळतो. त्यानंतर एकेरीच्या सहा लढती होतात. एकूण सात गुणांच्या लढाईत तो पहिला गुण मोलाचा असल्याने दुहेरी जाणणाऱ्या खेळाडूला तेथे मागणी असते. पुण्याचा अर्जुन कढे याच मार्गाने, ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठातून, पुढे आला आणि २०२४ मध्ये ऋत्विक बोल्लिपल्लीच्या साथीने त्याने कझाकस्तानातील अल्माटीची एटीपी (पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची) स्पर्धा जिंकली. शिक्षण हाती राहते आणि चार वर्षांचा खर्च बराचसा सुटतो, यासाठी तुमच्या घरच्या परिस्थितीत मला हाच मार्ग सर्वांत योग्य वाटतो.

प्रश्न : मी डावखुरी असून महाविद्यालयाच्या संघातून दुहेरी खेळते. दोन वर्षे जिच्याबरोबर खेळले, ती मैत्रीण नोकरीसाठी पुण्याला गेली. नवी जोडीदार उजव्या हाताने खेळते. आम्ही सतत एकमेकींच्या अंगावर येतो आणि मधला चेंडू दोघीही सोडून देतो. जोडीदार निवडताना काय पाहावे? आणि कोल्हापुरातून खेळून कोणी मुलगी खरोखरच पुढे जाऊ शकते का?
– विद्यार्थिनी, ताराबाई पार्क, कोल्हापूर

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. प्रार्थना ठोंबरे ही सोलापूर जिल्ह्यातील बार्शीची. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत तिने सानिया मिर्झाबरोबर महिला दुहेरीचे कांस्यपदक मिळवले आणि २०१६ मध्ये दोघी रिओ ऑलिंपिकमध्ये एकत्र खेळल्या. टेनिसच्या सोयी बार्शीपेक्षा कोल्हापुरात कमी नाहीत. आपल्याच ऐश्वर्या जाधवने २०२२ मध्ये विम्बल्डनच्या १४ वर्षांखालील स्पर्धेत भाग घेतला होता. त्यामुळे गावाचे नाव मध्ये आणू नकोस.

आता जोडीविषयी. डावखुरी आणि उजवी ही जोडी म्हणजे वरदान आहे. फक्त रिटर्नसाठी कोणी कोणत्या बाजूला उभे राहायचे, ते विचाराने ठरवावे लागते. तू डाव्या आणि ती उजव्या कोर्टात राहिलीस तर दोघींचे फोरहँड बाहेरच्या बाजूला येतात. कोनातून बाहेर जाणाऱ्या सर्व्हिसला उत्तर देणे सोपे होते, पण मधला चेंडू दोघींच्याही बॅकहँडवर येतो. तुमची नेमकी हीच अडचण असावी, असे पत्रावरून वाटते. बाजू उलट केली तर दोन्ही फोरहँड मध्ये येतात. महिनाभर दोन्ही प्रकारे खेळून पाहा आणि मधला चेंडू कोणाचा, हे सामन्याआधी बोलून पक्के करा. प्रत्येक चेंडूला ‘माझा’ किंवा ‘तुझा’ असे मोठ्याने म्हणायची लाज वाटू देऊ नका. ही बाजू सेट चालू असताना बदलता येत नाही, नवा सेट सुरू होतानाच बदलता येते, हेही लक्षात ठेव.

आणखी एक गोष्ट फार थोड्या मुलींच्या ध्यानात येते. दुहेरीत सर्व्हिसचा क्रम आणि बाजू बदलण्याचा नियम यांचा मेळ असा बसतो की एका सेटमध्ये प्रत्येक खेळाडू नेहमी कोर्टाच्या एकाच टोकाकडून सर्व्हिस करते. मार्च-एप्रिलमध्ये सकाळी दहाच्या सुमारास चेंडू वर फेकताना एका टोकाला सूर्य थेट डोळ्यांत येतो. तू डावखुरी असल्याने तुझा चेंडू डोक्याच्या दुसऱ्या बाजूला वर जातो. म्हणजे ज्या टोकाला तिला ऊन लागते, तेथे तुला बहुधा लागत नाही. सेट सुरू होण्यापूर्वी आकाशाकडे पाहा आणि कोण पहिली सर्व्हिस करणार, ते त्यावरून ठरवा.

जोडीदार निवडताना फटके सर्वांत शेवटी पाहावेत, असे मी म्हणेन. सोपी व्हॉली नेटमध्ये मारल्यावर तिचा चेहरा कसा होतो, आणि तू मारल्यावर ती काय करते, ते आधी पाहा. लिअँडर पेस आणि महेश भूपती १९९९ मध्ये चारही ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेरीत पोहोचले, फ्रेंच ओपन आणि विम्बल्डन जिंकले. त्यांच्या खेळात उणे काढायला जागा नव्हती, तरीही ती जोडी तुटली, पुन्हा जुळली आणि पुन्हा तुटली. याउलट बॉब आणि माइक या ब्रायन बंधूंनी – तेही एक डावखुरा आणि एक उजवा – एकत्र खेळून १६ ग्रँड स्लॅम विजेतेपदे मिळवली. जुळ्या भावांसारखे नाते कोणाला मागून मिळत नाही, पण हरलेल्या सामन्यानंतर एकत्र चहा घेता येईल अशी मैत्रीण मिळू शकते. पुण्याला गेलेल्या मैत्रिणीशीही संबंध तोडू नकोस. दुहेरीत जुन्या जोड्या पुन्हा जुळतात.

प्रश्न : दुहेरीच्या सामन्यात तिसऱ्या सेटऐवजी १० गुणांचा टायब्रेक का घेतात? यामुळे चांगल्या जोडीवर अन्याय होत नाही का?
– एक निवृत्त शिक्षक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : सामन्यांचा वेळ आवाक्यात राहावा आणि एकेरीचे नामवंत खेळाडूही दुहेरीत उतरावेत, यासाठी पुरुषांच्या एटीपी स्पर्धांत २००६ पासून ही पद्धत आली : एकेक सेटची बरोबरी झाली की दोन गुणांच्या आघाडीने आधी दहा गुण मिळवणारी जोडी सामना जिंकते. त्याचबरोबर ४०-४० झाल्यावर एकाच गुणावर गेम संपू लागला; तो गुण कोणत्या बाजूने घ्यायचा, हे रिटर्न करणारी जोडी ठरवते. मूळ प्रस्ताव याहून कडक होता आणि त्याविरुद्ध २००५ मध्ये ब्रायन बंधूंसह दुहेरीच्या अनेक खेळाडूंनी न्यायालयात धाव घेतली होती. ग्रँड स्लॅमच्या पुरुष व महिला दुहेरीत तिसरा सेट अजूनही पूर्ण खेळला जातो.

अन्याय होतो का, तर थोडा होतो, असे मला वाटते. लहान सामन्यात नशिबाचा वाटा वाढतो. परंतु ज्यांनी या पद्धतीचा सराव केला, त्यांना ती साथही देते. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत मिश्र दुहेरीच्या अंतिम सामन्यात आपली ऋतुजा भोसले आणि रोहन बोपण्णा पहिला सेट २-६ असा हरले, दुसरा त्यांनी ६-३ असा घेतला आणि शेवटचा टायब्रेक १०-४ असा जिंकून सुवर्णपदक मिळवले. माझ्याकडील मुलांना मी आठवड्यातून दोन दिवस फक्त हे टायब्रेकच खेळायला लावतो, आणि तेही अंग पूर्ण गरम होण्याच्या आत, कारण त्यातील पहिले तीन गुण हातचे गेले तर ते भरून काढायला पुढे फार थोडी जागा उरते.